‘दोन मिनिटं आहेत का?’ असं विचारून फोन सुरू करावा की करू नये?

पुठ्ठेवाला
रत्नागिरीत आंब्याच्या पुठ्ठ्याच्या बॉक्सचा धंदा आहे. एक डझनी, दोन डझनी, पाच डझनी. सीझनच्या आधीपासून दिवसाला 30-40 फोन करतो, बहुतेक अनोळखी बागायतदारांना. इतकी वर्षं सुरुवात ठरलेली होती: “नमस्कार साहेब, कसे आहात? दोन मिनिटं आहेत का?”

गेल्या एप्रिलात सकाळी आठला देवगड बाजूच्या एकांना फोन लावला. मागे क्रेट आपटल्याचे आवाज, कुणीतरी ओरडतंय, “डागी बाजूला काढ रे!” मी माझं नेहमीचं विचारलं. पलीकडून उत्तर आलं, “दोन मिनिटं नाहीत. दोन माणसं असतील तर पाठव.” आणि फोन बंद.

आधी हसलो, मग विचारात पडलो. मी कोण, कशासाठी बोलतोय हे त्यांना माहीतच नाही, तर ते दोन मिनिटं कशाच्या भरवशावर देणार? शिवाय ती दोन मिनिटंही खोटीच. माझं बोलणं सात मिनिटांच्या खाली कधी आटोपत नाही.

आता सुरुवात बदलली आहे: “नमस्कार, रत्नागिरीहून बोलतोय, आंब्याचे बॉक्स विकतो. यंदाचा दर सांगायला फोन केलाय, एक मिनिट लागेल. तुमची खरेदी झाली असेल तर आत्ताच सांगा, फोन ठेवतो.” एवढं बोलून गप्प बसतो.

माझा पार्टनर म्हणतो, तू गिऱ्हाइकाच्या तोंडात आयता नकार कोंबतोयस. मला वाटतं वेळ मागण्यापेक्षा काम सांगावं, वेळ द्यायचा की नाही ते ऐकणारा ठरवेल. तुम्हाला काय वाटतं?

---

तारकर्लीकरीण
पटलं नाही. विचारलंच पाहिजे. न विचारता बोलायला लागणं म्हणजे पडवीत न थांबता थेट माजघरात शिरणं.

माझा होमस्टे आहे. आम्हाला अनोळखी नंबर टाळता येत नाही, कारण बुकिंग अनोळखी नंबरावरूनच येतं. डिसेंबरातला रविवार, अकरा वाजता एका खोलीचं चेक-आउट, दुपारच्या जेवणाला बारा ताटं, तव्यावर सुरमई. फोन वाजला. घरात रेंज नाही म्हणून गॅस बारीक करून खळ्यात धावले. “मॅडम, 24 ते 26 दोन रूम मिळतील का?” मी म्हटलं, थांबा हं, वही आणते. ओल्या हाताने वही उघडली, तारखा बघितल्या, एक खोली आहे म्हणून सांगितलं. तर म्हणतो, “मॅडम, अशी बुकिंगं तुम्हाला रोज पंचवीस मिळाली तर? आमचं एक पॅकेज आहे…”

तुकडीची एक बाजू काळी झाली. ती मी खाल्ली, पाहुण्यांना वाढणार कशी? पण त्या मुलाला दोन शब्द सुनवायचे राहिले, ते अजून जिवाला लागून आहे.

पुठ्ठेवाला
ताई, हे वेळेचं नाही, हे फसवणुकीचं झालं. मी तर पहिल्याच वाक्यात विकणारा आहे म्हणून सांगतो.

तारकर्लीकरीण
तुमच्यासाठी वेगळं असेल. खळ्यात धावत यायचं ते माझं तेवढंच. वाक्य ऐकू येण्याआधीच वेळ गेलेला असतो.

---

एजंट_20_वर्षं
विम्याचं काम करतो, कुडाळ-सावंतवाडी भाग. दोघांचंही थोडं चुकतंय.

कोकणात ही मुंबईची पद्धत चालत नाही. नाव, काम, दर, एक मिनिट, हे काय तारमास्तराचं बोलणं झालं? इथे माणूस आधी माणसाशी बोलतो. मी फोन केला की आधी यंदा आंबा कसा आहे ते विचारतो, चाकरमानी गणपतीला आले होते का ते विचारतो. आणि नंबर कुणी दिला त्याचं नाव घेतो. “तुमच्या शेजारच्या काकांनी नंबर दिला” म्हटलं की समोरचा खुर्ची ओढून बसतो. वीस वर्षांत मला कुणी फोनवर तोडलेलं नाही. वेळेचा आदर म्हणजे घाई नव्हे.

कलमाखालचो
एजंटसाहेब, तुम्हाला कुणी तोडलं नाही कारण शेजाऱ्याचं नाव घेतलंत. ती भीड आहे, आदर नाही. उद्या शेजारी बांधावर भेटणार, “माझ्या माणसाशी नीट बोलला नाहीस” म्हणणार, एवढ्यासाठी माणूस वीस मिनिटं फोन धरून बसतो.

आणि ‘आंबा कसा आहे’ हा प्रश्न तर नकोच. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ हवा आली की मोहोरावर तुडतुडे, मग करपा. पंधरा दिवसांत तीन फवारण्या झालेल्या असतात, औषधाची उधारी वाढलेली असते. तेव्हा अनोळखी माणूस गोड आवाजात “मोहोर कसो आसा?” विचारतो. खरं सांगितलं तर तो फवारणीचं औषध विकणारा निघतो. खोटं सांगितलं तर विम्याचा.

मी त्या देवगडवाल्याच्या बाजूने आहे. हातात झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी), मान वर, खिशात फोन थरथरतोय. फांदीवरून एक हात सोडून फोन घ्यायचा आणि ऐकायचं काय? ‘कसे आहात?’ अरे, झाडार आसंय!

एजंट_20_वर्षं
😀 बरं, मोहोराचं मान्य. नावाचं नाही. ओळखीशिवाय फोन करणं हाच खरा अनादर. आणि ज्याचं नाव घेतो त्याला आधी विचारूनच घेतो.

कलमाखालचो
त्यालाही भीडच असते ना.

---

नियमवाला
एक कोरडी गोष्ट. पहिलं वाक्य काय असावं यावर चर्चा चालली आहे, पण फोन करायची परवानगी होती का हे कुणीच विचारलं नाही. जाहिरातीच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे नंबर आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून रोज अनोळखी लोकांना विक्रीचे फोन करणं ‘ट्राय’च्या (दूरसंचार नियामकाच्या) 2018 च्या नियमांत बसत नाही. 1909 वर तक्रार करता येते. 2025 च्या दुरुस्तीनंतर फोन आल्यापासून 7 दिवसांच्या आत केली तरी चालते, आधी 3 होते. अशा बिगरनोंदणीच्या नंबराबद्दल तक्रार करायला डीएनडी (‘जाहिरातीचे फोन नकोत’ ही नोंद) चालू असण्याचीही अट आता राहिलेली नाही.

तारकर्लीच्या ताईंनी तो नंबर जपून ठेवायला हवा होता.

पुठ्ठेवाला
मी कॉल सेंटर नाही हो, एकटा माणूस. नंबर कृषी प्रदर्शनात लोकांनी स्वतः लिहून दिलेले आहेत.

नियमवाला
कशासाठी लिहून दिले? मिक्सरच्या लकी ड्रॉसाठीच ना?

पुठ्ठेवाला
…कुकर होता.

---

मिरकरवाडा_नाखवा
मासेमारीच्या बाजूने लिहितो. तुमचं वाक्य कसंही असू द्या, महिना चुकला तर सगळं चुकलं. 1 जून ते 31 जुलै बंदी. होडी वर ओढलेली, इंजिन उघडलेलं, जाळी विणायला बसलेलो. तेव्हा फोन करा, अर्धा तास बोलेन, चहाला बोलवेन. ऑगस्टात पाणी उघडलं की मी बाहेर, पुढे गेल्यावर रेंजच नाही. परत आलो की लिलाव चालू. तिथे बोली लावणाऱ्याचा आवाज ऐकायचा की तुमचा? एका पाटीमागे दर हुकला तर तुमची दोन मिनिटं मला किती रुपयांना पडली?

तरी एक वाकडी गोष्ट आहेच. ज्या दोन महिन्यांत माझ्याकडे वेळ असतो, त्याच दोन महिन्यांत खिशात काही नसतं. म्हणून विकणारे बरोबर उलट्या वेळी फोन करतात, पैसा दिसतो तेव्हा. त्यांचंही खोटं नाही.

पुठ्ठेवाला
माझंही तेच. जुलैत बागायतदार निवांत, पण बॉक्स कोण घेणार? पुठ्ठा दमट हवेत सहा महिने ठेवला तर पापड होतो.

कलमाखालचो
घेणार नाही, पण दर ऐकून ठेवीन. जुलैत सांगितलेलं फेब्रुवारीत आठवतं. एप्रिलात सांगितलेलं त्याच दिवशी विसरतो.

---

तारकर्लीकरीण
पुन्हा लिहिते, कारण मुख्य गोष्ट कुणी बोललंच नाही. आपल्याकडे ‘नाही’ म्हणत नाहीत. ‘बघू’ म्हणतात. ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, फक्त विकणाऱ्याला कळत नाही. तो वहीत लिहितो, “इच्छुक, पुन्हा फोन करणे.” मग आठ दिवसांनी फोन, मग पंधरा दिवसांनी. मला एका सोलरवाल्याने असे सहा फोन केले. सहाव्यांदा मीच ओशाळून म्हटलं, माझे मिस्टर गावाला गेलेत.

एजंट_20_वर्षं
ताई, कधी कधी ‘बघू’ म्हणजे खरंच बघू असतं हो. माझ्या निम्म्या पॉलिश्या ‘बघू’तूनच निघाल्या आहेत.

तारकर्लीकरीण
आणि उरलेल्या निम्म्या लोकांचे मिस्टर गावाला गेले असतील.

पुठ्ठेवाला
हे लागलं. माझ्या वहीत तसे 60-70 ‘बघू’ आहेत. पण ताई, म्हणूनच माझं नवीन वाक्य बरं आहे असं वाटतं. “खरेदी झाली असेल तर आत्ताच सांगा” म्हटल्यावर लोकांना नाही म्हणायची वाट मिळते. खोटं बोलावं लागत नाही. परवा एका दिवसात अकरा जण “झाली, झाली” म्हणाले. पार्टनर कपाळाला हात लावून बसला. मी त्या अकरांवर काट मारली. या सीझनला त्यांना फोन नाही.

एजंट_20_वर्षं
त्या अकरांतले चार तरी खरेदी न करताच “झाली” म्हणाले असतील. ती गिऱ्हाइकं तुम्ही स्वतःच्या हाताने घालवलीत. पार्टनरचं बरोबर आहे.

पुठ्ठेवाला
असतील चार. पण त्या दिवशी दुपारी जेवायला घरी गेलो, नाहीतर त्या अकरा फोनांतच चार वाजले असते.

मिरकरवाडा_नाखवा
म्हणजे वेळ गिऱ्हाइकाचा नाही, तुझाच वाचला.

पुठ्ठेवाला
दोघांचा वाचला तर बिघडलं कुठे?

नियमवाला
दहा आकडी नंबरावरून वाचला, एवढं लक्षात असू द्या.

कलमाखालचो
झिला, इतकी गजाल झाली, तर यंदाचो दर हयच लिव. फोन नको.

पुठ्ठेवाला
लिहितो काका. दोन डझनी की पाच डझनी?