पार्किन्सन्सच्या नव्या गोळीची ट्रायल: आप्पांना अमळनेरहून पुण्याला न्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमळनेर तालुक्यातले, घरची शेती. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, २०१८ मध्ये पार्किन्सन्सचं निदान झालं. आता वय ६७. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी मागच्या भेटीत सांगितलं की पुण्यात एका नव्या गोळीच्या ट्रायलसाठी पेशंट घेणं सुरू आहे, आप्पा त्यात बसतील असं वाटतं, घरी बोलून कळवा. घरात दोन तट पडलेत. नवऱ्याला वाटतं जावं, सासूबाईंना वाटतं म्हाताऱ्या माणसाची ओढाताण नको. ज्यांच्या घरचं कुणी अशा ट्रायलमध्ये होतं, किंवा जे स्वतः या कामात आहेत, त्यांचं मत मला हवंय.

आधी आप्पांचं सांगते. सिंडोपा प्लस, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, दीड-दीड, दिवसातून चार वेळा: सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, संध्याकाळी सात. सोबत सकाळी रासाजिलिन ही दुसरी गोळी. पहिली काही वर्षं गोळीने चांगली साथ दिली. दादर ज्वारीची पेरणी, कापूस वेचणीचे मजूर, सगळं तेच बघायचे. आता गोळी अडीच-तीन तासांत उतरते आणि पुढची लागेपर्यंत माणूस जागच्या जागी थिजतो. हाताच्या कंपाचं त्यांना फारसं काही वाटत नाही. त्रास होतो तो अंग ताठण्याचा आणि पाय अडकण्याचा.

साडेदहाच्या सुमारास ओसरीतून स्वयंपाकघरात येताना उंबऱ्याशी थबकतात. वरचं अंग पुढे झुकतं, टाचा उचलल्या जातात, पण पाऊल पडत नाही. "मना पाय जमीनले चिकटी ग्यात," म्हणतात. मग सासूबाई त्यांच्या पायांपुढे झाडूचा दांडा आडवा धरतात, आणि तो ओलांडायचा म्हटला की पाऊल उचलतं. ही युक्ती फिजिओथेरपीवाल्या ताईंनी शिकवली. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी नक्की करून बघा. जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या तरी चालतं. ओढून मात्र नेऊ नका, तोल जातो.

डॉक्टरांनी सांगितल्यावर मी वही घातली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, आणि प्रत्येकात चारपैकी एक खूण: झोप, ऑफ (गोळी उतरून थिजलेले), ऑन (गोळी लागून मोकळे), किंवा ऑन आहेत पण अंग आपोआप वळवळतंय. ट्रायलमध्येही पेशंटकडून साधारण अशीच नोंद करून घेतात, तिला हाउझर डायरी म्हणतात. वहीप्रमाणे आप्पांचे जागेपणीचे साधारण चार तास ऑफमध्ये जातात. वहीतूनच आणखी एक गोष्ट कळली. ज्या दिवशी दुपारी वरण-बट्टी, त्या दिवशी तीनची गोळी लागतच नव्हती. डॉक्टर म्हणाले, लेव्होडोपा आणि डाळीतली प्रथिनं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने शिरतात, डाळ जास्त झाली की गोळी मागे पडते. तेव्हापासून दुपारी भाकरी आणि वांगं किंवा पालेभाजी, डाळ आणि शेवभाजी रात्री, गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास. दुपारचा ऑफ बराच आटोक्यात आला. सकाळचा तसाच आहे.

आता ट्रायलबद्दल मला कळलं ते लिहिते. चुकत असेल तिथे सांगा.

ही तिसऱ्या टप्प्याची ट्रायल आहे. आप्पांची सिंडोपा बंद होणार नाही, तिच्या जोडीला नवी गोळी किंवा तिच्यासारखीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, म्हणजे प्लासिबो, मिळेल. कुणाला कुठली, हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा जोडीच्या गोळीने किती फरक पडतो याचा अंदाज यावा म्हणून मी टॅव्हापॅडॉन नावाच्या गोळीच्या टेम्पो-३ ट्रायलचे निकाल वाचले. ते २०२४ मध्ये जाहीर झाले. लेव्होडोपा चालू असलेले ५०७ पेशंट, २७ आठवडे. गोळीवाल्यांचा वळवळीचा त्रास नसलेला ऑन-काळ दिवसाला १.७ तासांनी वाढला, प्लासिबोवाल्यांचा ०.६ तासाने. म्हणजे औषधाचं स्वतःचं देणं साधारण एक तास. लांबून बघणाऱ्याला एक तास किरकोळ वाटेल. आमच्याकडे सकाळचा तो एक तास मिळाला तर आप्पा स्वतःच्या हाताने अंघोळ करतील.

प्लासिबोवरून नवरा चिडला होता, "आपल्या माणसाला खोटी गोळी का?" मला ते पटत नाही. पार्किन्सन्समध्ये नुसत्या आशेनेही खरोखर फरक पडतो. नवीन औषध मिळालंय असं पेशंटला वाटलं की मेंदूत डोपामिन, म्हणजे या आजारात कमी पडणारं रसायन, सुटतं, हे कॅनडातल्या संशोधकांनी २००१ मध्ये स्कॅनवर दाखवलंय. तेव्हा तुलनेला प्लासिबो नसेल तर कुठलीही पावडर या आजारावर गुणकारी ठरेल. आणि आप्पांची जुनी औषधं चालूच राहणार आहेत, त्यामुळे प्लासिबो आला तरी ते उघड्यावर पडत नाहीत.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. काही भेटींना पेशंटला ऑफमध्ये तपासतात. आदल्या संध्याकाळपासून लेव्होडोपा घ्यायची नाही, साधारण बारा तास कोरडे काढायचे, आणि सकाळी केंद्रावर हजर व्हायचं. मग डॉक्टर उठायला, चालायला, बोटं उघडझाप करायला लावून गुण देतात. पुण्यात राहणाऱ्याला हे जमेल. इथून पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या वर. रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये गोळीविना बसलेले आप्पा मला डोळ्यांपुढे आणवत नाहीत. त्यांना कूससुद्धा बदलता येणार नाही, लघवीला उतरवायचं कसं? म्हणजे आदल्या दिवशी गोळीवर असताना पोचायचं, केंद्राजवळ मुक्काम करायचा आणि सकाळी व्हीलचेअरवर न्यायचं. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा: मुक्कामाचा आणि गाडीचा खर्च ट्रायलकडून मिळाला का? सोबतच्या माणसाचा धरतात का? गुण देऊन झाले की लगेच गोळी देतात ना, की पुढच्या तपासण्यांसाठी ताटकळत ठेवतात? आणि मधल्या काही भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर भागतात का? इथे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. आप्पांचं बीपी उभं राहताना आधीच उतरतं, त्या दिवसांत प्रवास टाळता आला तर हवाय.

(इथे कुणी वाचून घरी बारा तास गोळी बंद करून बघू नका. लेव्होडोपा स्वतःच्या मनाने अचानक तोडली तर ताप, ताठरपणा आणि जिवावर बेतण्यापर्यंत जाऊ शकतं. तिथे ते डॉक्टरांच्या नजरेखाली असतं.)

आप्पांना मी सगळं अहिराणीतच समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "मनावर प्रयोग करतीन आनि मंग सोडी देतीन." (माझ्यावर प्रयोग करतील आणि मग सोडून देतील.) गोळी लागू पडली आणि ट्रायल संपली, तर पुढे काय, हा त्यांचा प्रश्न आहे, आणि तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. काही ट्रायलमध्ये शेवटी सगळ्यांनाच खरी गोळी देणारा पुढचा टप्पा असतो. आपल्याकडच्या २०१९ च्या नियमांतही ट्रायलनंतर औषध देण्याची तरतूद आहे, पण तपासणाऱ्या डॉक्टरांची शिफारस, एथिक्स कमिटीची (पेशंटचं हित बघणाऱ्या समितीची) मंजुरी अशा अटींवर. प्रत्यक्षात कुणाला मिळालंय का? लेखी काय मागून घ्यावं?

नोंदणी मी तपासली. भारतातली प्रत्येक औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते, आणि एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घेण्याआधीच ती नोंदवावी लागते. तिथे ट्रायलची केंद्रं, कोणाला घेतात, कोणाला नाही, एथिक्स कमिटीने मंजुरी दिली की नाही, लोकांनी चौकशी कुणाकडे करायची, सगळं दिसतं. डॉक्टरांनी दिलेला नंबर टाकल्यावर ट्रायल सापडली, पुण्याचं केंद्रही सापडलं. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि नुकसानभरपाई, कधीही कारण न देता बाहेर पडण्याची मुभा, समजेल अशा भाषेत संमतीपत्र, हेही नियमात आहे. संमतीपत्र मराठीत मागवलंय. ते घरी आणून सावकाश वाचायला देतात ना, की तिथेच सही करून घेतात?

भर, प्रतिसाद वाचल्यानंतर

सगळ्यांचे मनापासून आभार. बऱ्याच जणांनी तेच-तेच विचारलंय म्हणून इथेच लिहिते.

मेंदूतल्या ऑपरेशनबद्दल, म्हणजे डीबीएसबद्दल: डॉक्टरांनी पर्याय सांगितलाय, आप्पा सध्या तयार नाहीत. ते केलं तर बहुतेक गोळ्यांच्या ट्रायलचं दार बंद होतं, म्हणून आधी ट्रायलचा निर्णय.

कवचबीजाबद्दल, म्हणजे खाजकुहिलीच्या बियांबद्दल: आमच्या मामांनी सातपुड्याकडून खाजकुहिलीच्या बियांची पावडर आणून दिली होती. ती भोंदू गोष्ट नाही. तिच्यात खरोखर लेव्होडोपा असतं, आणि २००४ मध्ये लंडनला आठ पेशंटवर केलेल्या तुलनेत ती नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर लागू पडली होती. पण म्हणूनच सिंडोपावर ती घेतली की डोस नकळत वाढतो, आणि चमच्यागणिक किती हे कळत नाही. आप्पांची वळवळ त्या दिवसांत वाढलेली वहीत दिसते. डॉक्टरांना सांगितलं, बंद केली. ट्रायलला जाणाऱ्या सगळ्यांना विनंती, असलं काही चालू असेल तर लपवू नका.

मधुमेहाच्या इंजेक्शनचा पार्किन्सन्समध्ये उपयोग होतो, असं एका दादांनी लिहिलंय. लिक्सिसेनाटाइड या अशाच इंजेक्शनची फ्रान्समधली ट्रायल मी वाचली. २०२४ मध्ये छापून आली, १५६ पेशंट. वर्षभरात प्लासिबोवाल्यांचे हालचालींचे गुण तीनने बिघडले, इंजेक्शनवाले जवळपास होते तिथेच राहिले. पण जवळजवळ निम्म्यांना मळमळ. आणि त्याच जातीच्या एक्सेनाटाइडची १९४ पेशंटवरची ब्रिटनमधली मोठी ट्रायल २०२५ मध्ये आली, तिच्यात ९६ आठवड्यांनंतर काहीच फरक दिसला नाही. आप्पांचं वजन आधीच उतरलंय. मेडिकलमधून आणून टोचायचं धाडस मी करणार नाही, दादा, तुम्हीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

ज्या ताईंनी त्यांच्या वडिलांचा अनुभव लिहिला त्यांचे विशेष आभार. केंद्रावरच्या कोऑर्डिनेटरला आधी फोन करून मुक्कामाचं विचारायचं, हे सुचलंच नव्हतं. सोमवारी फोन करणार आहे. ताई, दोन गोष्टी अजून सांगाल का? तुमच्या वडिलांना ऑफ-तपासणीनंतर गोळी लागायला किती वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला त्यांच्याजवळ बसू दिलं का? सासूबाईंना तेवढं ऐकायचंय.