बजेट कमी असेल तर पॅसिव्ह प्रीअ‍ॅम्पच घ्या (चर्चा)

लातूरकर: डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र) आणि पॉवर अ‍ॅम्पच्या (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) मध्ये, आवाज कमी-जास्त करायला, स्वस्तातला प्रीअ‍ॅम्प कोणता, असं नवीन सेट लावणारे सारखं विचारतात. माझं ठाम मत, पॅसिव्ह घ्या, म्हणजे सिग्नल न वाढवणारा. घरगुती डॅकमधून साधारण 2 व्होल्ट निघतात आणि बऱ्याच पॉवर अ‍ॅम्पना पूर्ण आवाजाला एक-दीड व्होल्ट पुरतो. सिग्नल वाढवायचाच नाही, कमी करायचाय. त्याला एक चांगला पॉट (नॉबनं फिरणारा बदलता रेझिस्टर), ऑडिओ वायरचे चार आरसीए सॉकेट आणि पत्र्याचा डबा बास. स्वस्त अ‍ॅक्टिव्हमध्ये (सिग्नल वाढवणाऱ्यात) पैसा ट्रान्सफॉर्मरवर आणि पुढच्या चकचकीत पट्टीवर जातो. शिवाय आपल्याकडं लाइट गेली की सेट इन्व्हर्टरवर. पॉटच्या डब्याला वीजच नको, म्हणजे तिथं गुणगुण धरणारं एक यंत्र तरी कमी.

परभणीकर: दादा, गुणगुण पॉवर अ‍ॅम्पही धरतो, त्याला वीज लागतेच की. आणि तुम्ही फक्त डॅकवाल्यांचं बोलायलात. माझा अ‍ॅम्प स्पीकरजवळ, मधली वायर 5 मीटर. बाजारात 50 किलोओमचा पॉट असलेले डबेही मिळतात. नॉब निम्म्या व्होल्टवर आला की त्याचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर जाणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा) 12.5 किलोओम होतो. वायरची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायचा गुण, त्यानं वरचे सूर दबतात) मीटरला 100 पिकोफॅरड धरा, 25 किलोहर्ट्झच्या आसपास 3 डेसिबलची घट. म्हणजे 20 किलोहर्ट्झलाच दोनेक डेसिबल गेले.

लातूरकर: म्हणून तर 10 किलोओमचाच घ्यायचा. तेच गणित करा, घट सव्वाशे किलोहर्ट्झच्या पुढं जाते. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) फोनो स्टेजला, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाला, मात्र 10 किलोओम जड पडेल, तिथं मी पॅसिव्हचा आग्रह धरणार नाही.

बीडची ताई: कागदावर दोघांचंही बरोबर. मी रात्री घरचे झोपल्यावर ऐकते. नॉब जेमतेम सुरुवातीला असतो, आणि स्वस्त जोड-पॉटच्या (एकाच नॉबवर डाव्या-उजव्याचे दोन पॉट) दोन बाजू नेमक्या तिथंच जुळत नाहीत. मधोमध बसलेला तानपुरा डाव्या स्पीकरकडं सरकतो, गायकाचा आवाजही त्याच्यामागं. ज्या कमी आवाजात मी रोज ऐकते तिथंच डबा नापास, मग स्वस्त कशाला म्हणायचं?

नांदेडकर: डबाच नको. डॅकचा आतला व्हॉल्यूम वापरा. 24 बिटचा डॅक आणि 16 बिटचं गाणं, 48 डेसिबल कमी केलं तरी गाण्याचे बिट जात नाहीत.

परभणीकर: बिट राहतात हो, पण डॅकची स्वतःची खसखस तेवढीच राहते आणि गाणं खाली येतं. वर एखाद्या अपडेटनंतर व्हॉल्यूम शंभरावर गेला, तर पूर्ण 2 व्होल्ट पॉवर अ‍ॅम्पमध्ये, आणि त्याचा सगळा जोर ट्वीटरवर (स्पीकरमधल्या वरच्या सुरांच्या भागावर). हाताशी नॉब पाहिजेच.

लातूरकर: ताई, तुमच्या अडचणीवर उपाय आहे. पॉटच्या आधी दोन्ही चॅनेलला 10 किलोओमचा एकेक रेझिस्टर टाका, मूल्यात 1 टक्क्याच्याच आत फरक असणारा. आवाज 6 डेसिबल उतरतो, नॉब वर सरकतो, पॉट नीट जुळतो त्या भागात येतो.

बीडची ताई: सोल्डर धरता येतं त्याला ठीक. तयार डबा घेणाऱ्यानं काय करायचं? मी तरी पॉटवाला डबा कुणाला सुचवणार नाही. थोडे पैसे साठवून रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) स्टेप बदलणारा घ्यावा, सिग्नलपुरता तोही पॅसिव्हच असतो. त्यात प्रत्येक स्टेपला ठरलेले रेझिस्टर, दोन्ही बाजू सारख्या.