दीक्षान्त भाषण पटते ते कशामुळे?

प्रश्न : चर्चगेटची शिक्षिका

मी चर्चगेटजवळच्या एका महाविद्यालयात पदवीच्या शेवटच्या वर्गाला वक्तृत्व शिकवते. स्टीव्ह जॉब्स यांनी १२ जून २००५ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेले भाषण विद्यार्थ्यांना ऐकवून त्याचे विश्लेषण लिहायला सांगितले, तर बहुतेकांनी ‘वक्ता थोर, विचार प्रेरक, भाषा सोपी’ एवढ्यावरच भागवले. वक्त्याची कीर्ती बाजूला ठेवून भाषणातच काय दडले आहे हे शोधण्यासाठी त्यांना कोणते प्रश्न द्यावेत?

प्रतिसाद : गिरगावकर

वक्ता स्वतःचा अधिकार कसा मिळवतो, हा पहिला प्रश्न द्यावा. जॉब्स आरंभीच सांगतात की आपण पदवीधर नाही आणि पदवीदानाच्या इतक्या जवळ आपण प्रथमच येत आहोत. समोर पदवी घ्यायला बसलेल्यांपुढे हे सांगितल्यावर उपदेशकाचे आसन आपोआप खाली येते. दुसरा प्रश्न तपशिलांचा. रीड महाविद्यालय सोडल्यावर मित्रांच्या खोल्यांत जमिनीवर झोपणे, पाच-पाच सेंटसाठी कोकच्या रिकाम्या बाटल्या परत करणे आणि आठवड्यातून एकदा चांगले जेवण मिळावे म्हणून दर रविवारी हरे कृष्ण मंदिरापर्यंत सात मैल चालत जाणे, एवढे ऐकल्यावर ‘मी हालअपेष्टा सोसल्या’ असे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. त्याच काळात केलेला सुलेखनाचा वर्ग पुढे मॅकिंटॉश संगणकाच्या अक्षरांसाठी उपयोगी पडेल हे आपल्याला तेव्हा ठाऊक होते, असा दावाही ते करत नाहीत. म्हणूनच पुढचे काहीच न दिसणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलाला ते आपले वाटतात.

प्रतिसाद : तर्कट

वरील विवेचन मान्य, परंतु भारावणे आणि पटणे यांची गल्लत होऊ नये. शिक्षण सोडून यशस्वी झालेल्याला व्यासपीठ मिळते. शिक्षण सोडून फसलेल्याला कोणी पाहुणा म्हणून बोलावत नाही. त्यामुळे एका आयुष्यावरून काढलेला निष्कर्ष तर्काच्या कसोटीवर लंगडाच राहतो, आणि हे विद्यार्थ्यांनी लिहिले तर मी पूर्ण गुण देईन. तुलनेसाठी जॉर्ज मार्शल यांचे भाषण द्यावे. ५ जून १९४७ रोजी, हार्वर्डच्या पदवीदानाच्याच दिवशी, अमेरिकेच्या या परराष्ट्रमंत्र्यांनी युद्धाने मोडलेल्या युरोपचे अर्थकारण मांडले : शेतकरी शहरांना धान्य विकत नाही, कारण त्या बदल्यात विकत घेण्याजोगा मालच शहरांत तयार होत नाही. आत्मकथा नाही, विनोद नाही; केवळ कार्यकारणाची साखळी आणि पुढाकार युरोपनेच घ्यावा ही अट. त्यातून उभी राहिलेली मदतयोजना आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

प्रतिसाद : फोर्टातला वाचक

परदेशी नमुन्यांबरोबर तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतील निरोपाचा उपदेशही द्यावा. ‘सत्यं वद। धर्मं चर।’ सर्वांना ठाऊक असते. पण पुढे गुरू सांगतो, ‘यान्यस्माकं सुचरितानि। तानि त्वयोपास्यानि। नो इतराणि।’ आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच घ्या, बाकीचे नको. आज्ञांच्या रांगेत गुरूने स्वतःवरच घातलेली ही मर्यादा मला जॉब्स यांच्या आरंभापेक्षाही धीट वाटते, कारण येथे सांगणारा पाहुणा नसून ज्याच्याकडे शिष्य वर्षानुवर्षे राहिला तो आचार्य आहे.

श्रोत्यांचाही विचार व्हावा. मुंबई विद्यापीठाच्या सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृहात पदवीधरांच्या मागे पालक बसलेले असले आणि भाषण त्यांना परक्या भाषेत चालले असले, तर निम्मे सभागृह केवळ टाळ्यांपुरते उरते. रवीन्द्रनाथ ठाकूर यांनी १९३७ मध्ये कलकत्ता विद्यापीठातील दीक्षान्त भाषण बंगालीत केले, ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

चर्चगेटची शिक्षिका

सर्वांचे आभार. जॉब्स आणि मार्शल यांची भाषणे वक्त्यांची नावे झाकून शेजारी-शेजारी देईन आणि कोणते वाक्य काढले तर संपूर्ण भाषण कोसळेल, ते कारणांसह लिहायला सांगेन. शीक्षावल्लीतील उतारा मराठी अर्थासह त्यानंतरच्या तासाला घेईन. तर्कट यांचा आक्षेप मात्र आधी सांगणार नाही. तो वर्गातून कोणी उपस्थित करतो का, हे मला पाहायचे आहे.