अणुकचऱ्याची जागा: ग्रामसभेचं ‘नाही’ बंधनकारक असावं का?

पवनीकर: अणुवीज केंद्रांचा सर्वांत तीव्र कचरा आपल्याकडे काचेत बंदिस्त करतात. तारापूर, कल्पाक्कमला ती सोय आहे. खोल भूगर्भातल्या भांडाराची तूर्त गरज नाही, असं सरकार म्हणतं. पण गरज पडलीच, तर भंडारा-गडचिरोलीच्या जुन्या कठीण खडकाकडे नजर वळू शकते. म्हणून आत्ताच बोलू. जागा ठरायच्या आधी ग्रामसभेला विचारा आणि ती नाही म्हणाली तर थांबा. फिनलंडमध्ये ओन्कालो या अणुकचऱ्याच्या खोल भांडाराच्या वेळी युराओकी या गावाच्या स्थानिक परिषदेला नकाराधिकार होता. तिने २००० मध्ये होकार दिला, संसदेची मान्यता त्यानंतर, २००१ मध्ये.

विजेचं_गणित: भाऊ, युराओकीत १९७० च्या दशकापासून अणुवीज केंद्र आहे. तिथल्या लोकांना अणू नवा नव्हता, गावाला कर आणि रोजगारही मिळत होता. आपल्याकडे नकाराधिकार दिला तर एकही गाव हो म्हणणार नाही. कचरा तर तयार आहेच. तो पिढ्यानपिढ्या जमिनीवर पहाऱ्यात ठेवण्यापेक्षा चारशे मीटर खाली बरा. देशाचा प्रश्न एका गावाच्या हात वर करण्यावर सोडता येत नाही.

पवनीकर: मग कॅनडा बघा. तिथे गावांनी स्वतःहून पुढे यायचं, आणि पटलं नाही तर बाहेर पडायचं, अशी पद्धत ठेवली. तरी २२ वस्त्यांनी रस दाखवला. २०२४ मध्ये इग्नेस हे गाव आणि वॅबिगून लेक ओजिब्वे नेशन हा आदिवासी समुदाय, या दोघांच्या होकारानंतर भांडाराची जागा ठरली. इग्नेसमध्ये अणुवीज केंद्र नाही.

धानवाला: आमच्याकडे विचारणं कसं असते ते सांगतो. तालुक्यात एका खाणीची जनसुनावणी होती. मंडप, खुर्च्या, पोलीस, सगळं होतं. जाडजूड अहवाल इंग्रजीत, मराठीत फक्त सारांश. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, सुरुंग लावल्यावर माझ्या विहिरीचं पाणी राहील काय? उत्तर आलं, “नोंद घेतली.” पुढचं नाव पुकारलं. बाई माईकपाशी तशीच उभी. त्यात गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, पुनर्वसनाच्या तक्रारी अजून सुरू. भरवसा कशावर ठेवायचा?

विजेचं_गणित: जनसुनावणी सुधारा, मान्य. अहवाल पूर्ण मराठीत द्या, गावाला स्वतःचा भूजलतज्ज्ञ नेमायला पैसे द्या. नकाराधिकार ही वेगळी गोष्ट आहे.

धानवाला: वेगळी कशी? नाही म्हणता येत नसेल तर तज्ज्ञाचं ऐकून आम्ही करावं काय? गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यासगट आधी बसते, मग ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते, आणि ठरलं ते गाव पाळते. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीत बॉक्साइटच्या खाणीला बाराही ग्रामसभांनी नकार दिला, तो मानावाच लागला.

वैनगंगा_काठ: दोघंही एकाच गावाचं बोलताय. खड्डा एका शिवारात, पण भेगांतून पाणी झिरपलं तर पुढच्या गावांच्या विहिरींपर्यंत जाईल. वरच्या गावानं भरपाई घेऊन हो म्हटलं तर खालच्यांनी कुठं जायचं?

पवनीकर: हा मुद्दा पटला. भूजल ज्या पाणलोटात वाहतं तिथल्या सगळ्या ग्रामसभा धराव्यात, आणि भरपाईचा आकडा होकार-नकार झाल्यावरच मांडावा.

विजेचं_गणित: भरपाईचं पटलं. पण पाणलोटातल्या एका गावानं नाही म्हटलं तर सगळं थांबवणार का? याचं उत्तर द्या, मग पुढे बोलू.