मदत हवी आहे: ८० एचपी डिझेल इंजिनला रेडिएटर कसा निवडायचा?

नमस्कार मंडळी. तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. जनरेटरचं इंजिन ८० एचपी, १५०० आरपीएम. सध्या हौदातलं बोअरचं पाणी फिरवतोय, पण क्षार एवढे की होज काढली की आत पांढरा खरखरीत थर. म्हणून रेडिएटर लावून कूलंट भरायचंय.

माझा हिशोब असा: फुल लोडला इंजिनचे ६० किलोवॅट, जॅकेटच्या, म्हणजे इंजिनभोवती फिरणाऱ्या पाण्यात साधारण ४५ किलोवॅट उष्णता जाईल. आत-बाहेरच्या पाण्यात ७ अंशांचा फरक धरला तर मिनिटाला ९० लिटरच्या आसपास फिरायला हवं. बरोबर आहे का?

सांगलीत दुकानदार एकच विचारतात, "किती रोचा देऊ?" (रो म्हणजे रेडिएटरमधल्या नळ्यांच्या रांगा.) अहो, रो वाढवल्या की हवा अडते, मग फॅनही तसाच लागणार ना!

एप्रिलमध्ये बाहेरच ४० च्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये विचारूच नका. मी हवा ५० अंश धरतोय. जास्त होतंय का? गरम हवेला डक्ट काढणारच आहे.

तांबं-पितळ घ्यावं की ॲल्युमिनियम? तांब्याला गावात डाग (सोल्डर) देता येतो, म्हणून माझा कल तिकडं. कुणी असा बदल केला असेल तर कोअरचं (नळ्या-जाळीच्या भागाचं) माप, फॅनचा व्यास आणि कॅपचं प्रेशर कळवा.