गेम आपला, दुकान आपलं, मग ३० टक्के दुसऱ्याला का?

धुक्यातला_बोका (धागाकर्ता)
आम्ही दोघांनी तीन वर्षं घासून कोड्यांचा एक गेम बनवलाय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आहेच, शिवाय स्वतःच्या साइटवरही विकतो, १० डॉलरला. आता साथीदाराने अ‍ॅफिलिएट प्रोग्रॅमचा हट्ट धरलाय. यूट्यूबवाल्याला, ब्लॉगवाल्याला त्याची त्याची लिंक द्यायची, त्यावरून कोणी गेम घेतला की ३० टक्के त्याचे. "विकलं तरच द्यायचं, मग आपलं जातंय काय?" असं त्याचं म्हणणं.

काल रात्री पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडला. कर सोडून देऊ. स्टीम १० मधले ३ ठेवून घेतं, हाती ७. आमच्या साइटवर पैसे घेणारी सेवा ५ टक्के अधिक ५० सेंट कापते, म्हणजे १ डॉलर. अ‍ॅफिलिएटचे ३. उरले ६. दुकान आम्ही थाटायचं, 'गेम उघडत नाही' या मेलांना उत्तरं आम्ही द्यायची, आणि मिळवायचं स्टीमपेक्षा कमी? माझं काही चुकतंय का?

खमंग_काकडी
हिशोब बरोबर, तुलना चूक. तो ६ डॉलरवाला माणूस स्टीमवर आपणहून आलाच असता हे कशावरून? आणि तुम्ही स्वतः धाडलेल्या गिऱ्हाइकावरही स्टीम ३० टक्के घेतंच की. अ‍ॅफिलिएट निदान त्याने आणलेल्यावरच घेतो. एपिक या गेम कंपनीने २०१८ मध्ये स्वतःचं गेमचं दुकान उघडलं ते स्वतःचा वाटा १२ टक्के ठेवून, आणि क्रिएटरमार्फत, म्हणजे यूट्यूबर वगैरेंमार्फत, झालेल्या विक्रीवर त्याला ५ टक्के देऊन. सुरुवातीला ते ५ टक्केही एपिकच भरणार होतं. एवढ्या बड्या कंपनीला गरज वाटते आणि तुम्हाला नाही?

सातारी_कंदी
५ कुठे आणि ३० कुठे! शिवाय एपिकच्या खिशाशी आपली बरोबरी नको.

मी चार वर्षांपूर्वी हा उद्योग केलाय. साठेक जणांनी नावं नोंदवली, विकलं चौघांनी. त्यातला एक तर हिराच निघाला: एका आठवड्यात ४१ प्रती! आम्ही पेढे आणायच्या बेतात. मग सहज नोंदी उघडल्या. सगळ्या खरेद्या रात्री दोन ते चारच्या दरम्यान, ईमेल पत्ते एकाच साच्यातले, आणि ४१ पैकी एकानेही गेम डाउनलोड केलेला नाही. पठ्ठ्या चोरीच्या कार्डांवर स्वतःच्याच लिंकवरून खरेदी करत होता. कमिशन आम्ही दर आठवड्याला देत होतो, ते गेलं. महिन्याभराने चार्जबॅक आले, म्हणजे खऱ्या कार्डवाल्यांनी बँकेमार्फत पैसे परत मागितले: मूळ रक्कम परत, वर प्रत्येकामागे दंड. करणारच असाल तर ६० दिवस दाबून ठेवल्याशिवाय कोणाला एक सेंटही देऊ नका.

धुक्यातला_बोका
डाउनलोडच नाही? आधी लक्षात कसं आलं नाही?

सातारी_कंदी
आकडा बघून डोळे फिरले होते हो.

उंटावरचा_शेजारी
साइटवर तुम्ही स्टीमची की, म्हणजे स्टीमवर गेम उघडायचा कोड, देता ना? मग आणखी एक मेख आहे. की वापरून घेतलेल्या गेमचं परीक्षण २०१६ पासून स्टीमच्या गुणांकनात धरत नाहीत. आपल्यासारख्यांना पहिल्या १० परीक्षणांचीच मारामार, त्याशिवाय पानावर गुणांकनाचा शिक्का उमटत नाही. अ‍ॅफिलिएटने आणलेले पन्नास खूश खेळाडू तिथे जमेसच नाहीत. बरं, साइटवर की स्वस्त देऊन गिऱ्हाईक ओढावं, तर तेही नाही. स्टीमवाल्या गिऱ्हाइकाला सौदा वाईट पडता कामा नये, अशी अट आहे.

खमंग_काकडी
मग की देताच कशाला? सरळ फाइल द्या. इच.आयओ या गेम विकायच्या साइटवर दुकानाचा वाटा विकणारा ठरवतो, काही बदललं नाहीत तर १० टक्के. आणि ३० काय दगडावरची रेघ आहे का? १५ द्या. मोठे यूट्यूबर ढुंकून बघणार नाहीत, कबूल. पण कोडी-गेमवर वर्षानुवर्षं फुकट लिहिणारे चार वेडे असतात, त्यांच्या होस्टिंगचा खर्च तरी निघेल.

निवडुंग_९
त्या चार वेड्यांपैकी मी एक, म्हणून बोलते. मराठीत गेमवर व्हिडिओ करते. लिंकमागे कमिशन असेल तर ते उघड सांगावं लागतं, आपल्याकडे जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या अ‍ॅस्की या संस्थेचे २०२१ चे नियमही आहेत. सांगितलं की खाली पहिली कमेंट ठरलेली: "ताई, किती मिळाले?" मग गेम खरोखर आवडलाय हे कोणाला पटवू? पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, तेव्हा मी तासभर बोलले होते. लिंक नाही, कमिशन नाही. बोका, मला तुमचे दीड किंवा तीन डॉलर नकोत. पुढचा गेम बाहेर पडायच्या दोन आठवडे आधी की पाठवा. लोक ती आदल्या रात्री अकराला पाठवतात आणि सकाळी व्हिडिओ मागतात!

उंटावरचा_शेजारी
आणि की मागणाऱ्या मेलचा पत्ता चॅनेलवरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. अर्धे तोतये असतात, दिलेली की दुसऱ्या दिवशी बाजारात विकायला.

धुक्यातला_बोका
साथीदाराला धागा वाचायला दिला. सगळा वाचला म्हणतो. त्याचं एकच: "बघ, एका आठवड्यात ४१!"