कान तेच, मेंदू वेगळा

डोळे गेले की कान आपोआप तीक्ष्ण होतात, असं बरेच जण म्हणतात. कान तेच राहतात हो! जन्मांध व्यक्ती ब्रेल वाचते तेव्हा मेंदूतला दृष्टीचा भागही कामाला लागतो, फरक तिथे आहे. शिवाय सराव. समोरची भिंत न शिवता कळते ती चेहऱ्याच्या त्वचेमुळे, असं पूर्वी बऱ्याच अंधांनाही वाटे. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगांत कान बंद केल्यावर मात्र मंडळी थेट अडथळ्यावर आदळली. म्हणजे सगळी करामत पावलांच्या प्रतिध्वनीची! म्हणूनच धो धो पावसात किंवा गोंगाटात हा अंदाज चुकतो. आणि 'अंध म्हणजे सगळा काळोख' असं म्हणाल, तर बहुतेक अंधांना थोडाफार उजेड तरी जाणवतो.